वरचं नाव

सकाळच्या पहिल्या चहाला माणूस फार बेसावध असतो. अंगावर शाल, हातात कप, समोर कॉम्प्युटर. अशा माणसाला लोळवायला काठी लागत नाही. गोपालला त्या दिवशी एक ओळ पुरली. त्यानं रोजच्यासारखं गूगलवर लिहिलं, अमरावती तूर भाव, आणि कप ओठाला लावला. रोज सगळ्यात वर त्याचीच साइट यायची, 'वऱ्हाड बाजार'. इतकी वर्षं यायची की तो ते नाव आता वाचतही नसे. आपल्याच घराचा उंबरठा कोण निरखून पाहतो? पण आज पाय अडखळला. वरचं नाव दुसरंच होतं. 'अकोला अडत'. म्हणजे अरीब. अरीब वर, आणि त्याच्या खाली, अगदी चिकटून, गोपाल. त्यानं पान बंद करून पुन्हा उघडलं. तेच. अकोल्यात, ताजनापेठेत दुकान थाटून बसलेल्या माणसानं अमरावतीच्या तुरीत वर यायचं म्हणजे काय? अकोल्याच्या भावात ये ना बाप्पा वर, तिथं कोण अडवतं तुला! हा जळफळाट नवा नव्हता.

"का झालं? साखर कमी पडली का?" सीमानं स्वयंपाकघरातून विचारलं. ती सोले सोलत बसली होती, कोवळ्या तुरीच्या दाण्यांची भाजी करायची होती.

"अरीब वर गेला," गोपाल म्हणाला.

"अवं माय वं!" सीमाच्या हातातलं ताट खाली आदळलं. "काय झालं होतं जी त्याले? संक्रांतीले तं चांगला बोलला माह्याशी."

तिचा तरी काय दोष? ते दिवसच तसे होते. पेपर उघडला की पहिल्या पानावर कुठल्या ना कुठल्या गावच्या शेतकऱ्यानं जीव दिलेला, आणि कोणाचा फोन दोनदा वाजून उचलला गेला नाही तर लोक गाडी काढून त्याच्या घरी धावायचे. गोपालनं तिला समजावलं, जिवंत आहे तो, चांगला ठणठणीत आहे, नुसता कॉम्प्युटरमध्ये वर गेला आहे. सीमा हसली, सांडलेले दाणे गोळा करू लागली. गोपाल मात्र हसला नाही. त्या एका 'अवं माय'मध्ये किती कळवळा होता ते त्यानं मोजून घेतलं होतं. आणि संक्रांतीला बोलला म्हणजे? कधी बोलला? "तुमी क्लासले गेले होते," सीमा म्हणाली. "तिळगूळ घ्या म्हने वहिनी, फोनवरूनच घ्या." म्हणजे गोपालच्या घरी, गोपाल नसताना, गोड बोलून गेला. घरातही हाच वर.

अरीबशी त्याचं असंच होतं, लहानपणापासून. गोपालचे वडील अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, अरीबचे अब्बा अब्दुल गफ्फार बाजारातले तराजू आणि काटे दुरुस्त करणारे. त्यांच्या दुकानात छताच्या कडीला एक मोठा तराजू टांगलेला असायचा, पोती तोलायचा, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की ही दोन पोरं त्याच्या दोन पारड्यांत बसायची. अरीब अंगानं भरलेला. तो बसला की त्याचं पारडं धप्पकन खाली, आणि गोपाल वर, छताजवळ, कबुतरासारखा. गोपालला वाटायचं आपणच जिंकलो. "मी वर! मी वर!" म्हणून तो ओरडायचा. एक दिवस खालून अरीब शांतपणे म्हणाला, "अबे, वर गेला तो हलका असते." गफ्फारचाचा हसले. त्यांनी हसायला नको होतं. गोपाल आता चाळिशीला टेकला तरी ते हसू त्याच्या कानात होतं, आणि त्यांची दुसरी एक गोष्टही. एखादा शेतकरी कुरकुर करत आला, की माझा माल कमी भरला, तर चाचा वाद घालत नसत. म्हणत, "दूसरे काटे पे डाल." दोन काट्यांनी एकच वजन दाखवलं की विषय संपला. बाजारात ही रीतच पडून गेली होती. गोपालचा पुंजाराम मामा चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यातून कधी अकोल्याला आला की तोसुद्धा म्हणायचा, गफ्फारभाईचा दुसरा काटा म्हणजे कोर्टाचा निकाल. हे दोघं हुरड्याला मामाच्या शेतात जायचे, आणि मामी पहिली मूठ कोणाच्या हातावर ठेवायची? पाहुणा म्हणून अरीबच्या. पाहुणा कसला, दरवर्षी तर यायचा.

पुढं दोघांनी मिळून टिळक रोडवर एका सायबर कॅफेत बसून ही भावांची साइट काढली. तेव्हा मराठीत कपाशीचा, तुरीचा, सोयाबीनचा रोजचा भाव इंटरनेटवर कोणी टाकत नव्हतं. लग्नानंतर गोपाल अमरावतीला राजापेठेत आला, टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास काढला, तरी साइट एकच होती. अमरावतीच्या बाजाराचं गोपालनं पाहायचं, अकोल्याचं अरीबनं. नियम एकच, आणि तो अरीबनं घातलेला: कानानं ऐकल्याशिवाय लिहायचं नाही. हर्रास संपायचा, म्हणजे बोली लागून माल सुटायचा, मग अडत्याचा मुनीम फोनवर सांगायचा, मगच आकडा चढायचा. पेपरवाल्यांचा भाव दुसऱ्या दिवशी, ह्यांचा त्याच दुपारी. लोक म्हणायचे, गोपाल-अरीबनं टाकला म्हणजे खरा. बायको-नवऱ्यासारखी जोडून नावं घ्यायचे. मग एका पेपरात बातमी आली, फोटोसकट. 'अकोल्याच्या तरुणाचा उपक्रम.' तरुण एकच. फोटोत अरीब एकटा, मागे तो तराजू. गोपाल चौथ्या परिच्छेदात, 'मित्राच्या मदतीने'. मित्राला नावच नव्हतं. अरीब फोनवर दहा वेळा म्हणाला, अबे मी तुयं नाव सांगितलं होतं, त्यायनं कापलं. सांगितलं असेलही. पण मदत! गोपालला त्या एका शब्दानं ताप भरला. त्यानं सांगितलं, आपलं आपलं वेगळं करू. अरीब म्हणाला, "तुले बरं वाटत असन त कर." 'वऱ्हाड बाजार' हे जुनं नाव गोपालकडं राहू दिलं, स्वतः 'अकोला अडत' काढलं. भांडलासुद्धा नाही! भांडला असता तर गोपालला दोन घास जास्त गेले असते.

तर असा तो अरीब, आता वर. दुपारी क्लासमधली पोरं खटाखटा टायपिंग करत होती आणि गोपाल फोनवर नागपूरच्या ओमप्रकाशशी बोलत होता. ओमप्रकाश त्याचा जुना विद्यार्थी, आता लोकांच्या वेबसाइटची कामं घेणारा. "अपडेट आला सर," तो डॉक्टरसारखा म्हणाला. "साऱ्यायचंच वर-खाली झालं." गूगलवाले अधूनमधून आपलं गणित बदलतात, कोणाला वर घ्यायचं, कोणाला खाली ढकलायचं; त्याला अपडेट म्हणतात. आणि त्यांना नावं काय, तर पांडा, पेंग्विन, नुकताच आलेला कुठलासा इवला पक्षी. मेळघाटात जनावरांची मोजणी चालावी तशी ही नावं. त्या पांडाला अमरावती आणि अकोला यांतलं काय कळतं? बडनेऱ्याला उतरून कधी गिलावडा खाल्ला आहे का त्यानं? पण साइटवर येणारी माणसं घटली होती हे खरं होतं. रोजचा आकडा दिवाळीपासून उतरतच होता. माणसं कुठंतरी जात होती, आणि कुठं जात होती हे गोपालला त्या एका ओळीनं दाखवून दिलं. दुसरी कुठली जागाच त्याच्या डोक्यात येईना.

मग त्याला ते व्यसनच लागलं. सकाळी तोंड धुवायच्या आधी तो कॉम्प्युटर लावायचा, अमरावती तूर भाव, अमरावती कापूस भाव, चांदूर रेल्वे सोयाबीन, आणि प्रत्येक वेळी वरचं अरीबचं नाव दाबून त्याच्या साइटमध्ये शिरायचा. दुखऱ्या दाताला जीभ लावावी तसं. आज त्यानं रंग बदलला का? हा फोटो कोणी काढला? हिरवी पट्टी माझ्यासारखीच, चोर लेकाचा. हे गजालानं लिहिलं असणार, अरीबच्या बायकोनं. ती शिकलेली आहे, तिचं मराठी ह्याच्यापेक्षा सुधारलेलं आहे. गोपाल वरची चार इंच वाचून जळायचा, खालपर्यंत कधी गेला नाही, जळायला तेवढं पुरत होतं. क्लास संपला की पुन्हा. जेवण झालं की पुन्हा. आणि गंमत अशी की जितक्या वेळा पाहावं तितका अरीब वर घट्ट बसत चाललेला. पहिल्या आठवड्यात तुरीत वर होता, मग कापसात, मग हरभऱ्यात. गोपाल सीमाला म्हणाला, "पैसे चारून राहिला असन कोनाले." सीमा म्हणाली, "कोनाले चारीन? गूगलले?" आणि वर हेही म्हणाली, की अरीबभाऊचं पान लवकर उघडते बाकी, आपलं घुंघुं करत बसते. हे बोलायची काही गरज होती का? त्या दिवशी गोपालनं सोल्याच्या भाजीत खडा लागला म्हणून ताट सरकवलं. खडा नव्हता.

उपाय ओमप्रकाशनंच सांगितला. "ताजं पान वर जाते सर. जो आधी टाकीन तो वर." आता आधी टाकायचं म्हणजे कसं? हर्रास अकराच्या पुढं सुरू व्हायचा, मुनीम सूर्यभान चहा-बिडी करून दुपारी फोन करायचा. त्याच्या आधी भाव आणायचा कुठून? पहिल्या दिवशी गोपालनं सकाळीच कालचाच भाव आजची तारीख घालून चढवला. दुपारी खरा आला, तो जवळपास तेवढाच होता. त्यानं हळूच बदलला. कोणाला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं मनानंच जरासा वाढवला, कारण बाजार चढताच होता, आणि दुपारी सूर्यभाननं सांगितलेला भाव त्याच्या अगदी शेजारी निघाला. गोपालला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटलं. एवढ्या वर्षांत आपल्याला बाजाराची नाडी कळायला लागली म्हणायची! कानानं ऐकायची गरज शिकाऊ लोकांना. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी म्हणतात, तसं चाललं होतं. तुरी अजून गावातून निघाल्या नव्हत्या आणि इथं भाव फुटला होता. बोटं आकडा दाबताना क्षणभर थबकायची. त्या क्षणात गफ्फारचाचांच्या दुकानाचा लोखंडाचा आणि तेलाचा वास यायचा. मग तो एंटर दाबायचा, आणि लगेच पाहायचा, वर कोण? अरीबच. अजूनही अरीबच.

त्या शुक्रवारी त्यानं तूर चांगलीच चढवली. सलग तीन दिवस वाढली होती, चौथ्या दिवशीही वाढणार, असा त्याचा हिशेब. दुपारी सूर्यभानचा फोन आला तेव्हा मागे बाजाराचा नेहमीचा गलका नव्हता. "बसला बाजार," सूर्यभान म्हणाला. "भायेरच्या देशातली तूर बंदरावर लागली म्हन्ते. बोलीच लागून नाई राहिली. लोकं उभे आहेत नुसते." त्यानं भाव सांगितला. गोपालनं तो दोनदा विचारून घेतला. मग घाईघाईनं पान उघडून आकडा बदलला, आणि बदलताना आजूबाजूला पाहिलं, क्लासमधल्या पोरींनी काही पाहिलं का म्हणून. त्यांच्या बोटांचा आवाज थांबला नव्हता. सगळं झाकलं गेलं असं त्याला वाटलं. तेवढ्यात आठवलं की मामाची तूर निघायची होती. त्यानं मामाला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. दुसऱ्या कोणाबाबत तो धावला असता, मामाबाबत पायच हलेनात. त्या रिंगकडे कान लावून तो उभा राहिला, आणि पहिल्यांदाच त्या दिवसात त्याला अरीबचा विसर पडला.

मामा चार वाजता स्वतःच दारात आला. पायावर बाजाराची धूळ, उपरण्याला तुरीचा भुसा. गोपालला एवढं हायसं वाटलं की त्यानं वाकून मामाचे पाय धरले. "मोबाईल टेम्पोत राह्यला," मामा म्हणाला. "पानी दे वं सीमा." सीमानं ताट वाढलं. मामानं हात धुतले, चार घास शांतपणे खाल्ले, मग सांगितलं. सकाळी चांदूरला कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन त्यानं भाव पाहिला. एवढा चढा भाव आणि त्यात आपल्या भाच्यानं लिहिलेला. त्यानं गल्लीत येऊन सांगितलं, आज अमरावतीले नेऊ. पाच-सहा घरांनी त्याच्या शब्दावर पोती चढवली. सोयाबीन आधीच पावसात सडलं होतं, हाती राहिली होती ती ही तूर. "विकली," मामा म्हणाला. "वापस कुठं नेतो? चांदूरले याच्याहून बरा गेला असता माल काल-परवा. पन आता का."

गोपाल ताटाकडे पाहत म्हणाला, "मामा, माया भाव..."

"तुया एकट्यावर नाई भरली बाबू," मामा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, समजावणी होती, आणि ती जास्त लागली. "तू घरचा मानूस. हौसेनं वाढवून लेयला असन एखाद वेळी, असं आलं माया मनात. म्हून त्या पोराले म्हनलं, अरीबचंबी दाखव. दोघायनं एकच भाव लेयला होता. दोन काटे एकच वजन दाखवतेत, मंग भराले काय हरकत होती सांग?" त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "गल्लीत का सांगू एवढंच पाहून राहिलो. दोघंबी कसे चुकले?"

आता खरं सांगायचं म्हणजे त्या घटकेला माणसाला लाज वाटायला हवी होती. गोपालला वाटलीही, नाही असं नाही. पण लाजेच्या मागोमाग, तिला कोपरानं ढकलून, दुसरंच काहीतरी पुढं आलं. दोघांनी एकच भाव? तो भाव बाजारात नव्हता. तो भाव फक्त गोपालच्या डोक्यात होता. मग अरीबकडे आला कुठून? चोरला! उचलला लेकानं, जसाच्या तसा! सगळ्या अकोल्याला कानानं ऐकण्याचे धडे देणारा, पेपरात फोटो छापून आणणारा, माझ्या पानावरून भाव चोरतो आणि माझ्याच डोक्यावर बसतो! गोपालला इतका आनंद झाला की तो लपवायला त्याला पाण्याचा तांब्या तोंडाला लावावा लागला. मामा समोर उपाशी मनानं जेवत होता, गल्लीला काय सांगू म्हणून विचारत होता, आणि ह्याच्या छातीत ढोल वाजत होते. सापडला. आता सापडला.

रविवारी बाजार बंद, क्लास बंद. सीमाला त्यानं सांगितलं अकोल्याला काम आहे. ती म्हणाली, अरीबभाऊले हे द्या, आणि तिळगुळाचा डबा पिशवीत कोंबला. एसटीत खिडकीजवळ बसून तो वाक्यं जुळवत होता. मूर्तिजापूरपर्यंत त्याची पाच-सहा वाक्यं तयार झाली, एकाहून एक धारदार. बाहेर रिकामी, काळी, भेगाळलेली शेतं सरकत होती, मधूनच कुठं पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा ढीग, आणि तो प्रत्येक वाक्यावर अरीबचा चेहरा कसा पडेल ते पाहत होता. अरीबचा चेहरा पडलेला त्यानं कधी पाहिलाच नव्हता. कसा दिसत असेल? त्याला ती उत्सुकता जास्त होती. आपण स्वतः तो भाव कुठून आणला, हे कोणी विचारेल, असं त्या सगळ्या वाटेत त्याच्या मनात आलं नाही. माणसाचं आपल्याकडे लक्षच नसतं.

ताजनापेठेतलं दुकान तसंच होतं. गफ्फारचाचा जाऊन दोन वर्षं झाली होती, काटे दुरुस्तीचं काम थांबलं होतं, पण तराजू छताला होता. त्याच्या एका पारड्यात आता जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. खाली टेबलावर कॉम्प्युटर. अरीब त्याला पाहून उठलाच, खुर्ची मागं पडली. "अबे गोप्या! सांगाचं नाई का बे? गजाला, देख कौन आया!" त्यानं मिठी मारली. गोपालची सगळी वाक्यं त्या मिठीत चेपून गेली. गजाला आतून आली, डोक्यावरची ओढणी सावरत. "गोपालभाई, इतने दिनों बाद? खाना खाके जाना, मैं पहलेही बोल देती हूं." गोपालनं डबा पुढं केला, बसला, आणि एकच प्रश्न कसाबसा बाहेर काढला.

"अमरावतीचा भाव तू कुठून आनते?"

"तुयाकडून," अरीब म्हणाला. "कुठून आनीन मंग?"

इतक्या सरळ! जणू पाणी कुठून आणतोस विचारल्यावर नळातून म्हणावं. "वेगळं झालो तवापासून तुयाकडूनच घेतो. खाली लेयलं आहे ना. पाह्यलं नाई का तू?" त्यानं आपलं पान उघडलं आणि खाली, खाली, अगदी तळापर्यंत नेलं. तिथं लिहिलं होतं: अमरावती बाजाराचा भाव 'वऱ्हाड बाजार'वरून, गोपाल यांच्या सौजन्याने. नाव दाबलं की थेट गोपालची साइट उघडत होती. दोन वर्षं ती ओळ तिथं होती, आणि गोपाल दिवसातून दहा वेळा त्या पानावर येऊन वरच्या वर जळून परत गेला होता.

"पन तू माया वर आहे," गोपाल म्हणाला. बोलून झाल्यावर त्याला कळलं की हे वाक्य तयार केलेल्यांतलं नव्हतं. हे आपलं आपणच आलं. शाळेतल्या पोरासारखं.

"मी? मी कुठं वर आहे?" अरीबनं गूगलवर लिहिलं, अमरावती तूर भाव. सगळ्यात वर 'वऱ्हाड बाजार'. खाली 'अकोला अडत'. गोपाल बघत राहिला. अरीब हसायला लागला, ते जुनं, पारड्यातलं हसू. "अबे, एखाद दिवशी अपडेटनं वर-खाली झालं असन, पन मंग तू रोज मायं पान उघडत असशीन. ह्याले ध्यानात राहते कोन कुठं जाते ते. तू माया दारी रोज येते, म्हून तुले मायंच दार आधी दाखवते. मी सकाळी उठलो का पहिले तुयं पान पायतो, म्हून मले तू वर दिसते." त्यानं गजालाचा मोबाईल मागून घेतला, तिनं कधी भाव शोधलेच नव्हते. त्यावर तेच शब्द लिहिले. पहिल्या पानावर दोघंही नव्हते. कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपन्या होत्या, ज्यांना तूर शेंगेत येते की जमिनीत हे ठाऊक नसावं. दुसऱ्या पानाच्या तळाशी अरीब, त्याच्या खाली गोपाल. "दिवाळीच्या अपडेटनं दोघायलेबी बुडवलं," अरीब म्हणाला. "मायी मानसं अर्धी झाली. तुयी?"

गोपालनं मोबाईल हातात घेऊन ते पान वर-खाली सरकवलं. आपण कोणाशी झुंजत होतो? दार लावून, शाल पांघरून, एकट्यानं. आणि तेवढ्यातही त्याच्या मनानं नोंद घेतली की दुसऱ्या पानावरसुद्धा अरीब एका ओळीनं वर आहे.

"बरं, ते जाऊ दे," अरीबचा आवाज उतरला. "शुक्रवारच्या तुरीचं का झालं बे? सकाळी तू टाकला, मी उचलला. आजकाल तू लवकर टाकते, मी म्हनलं बाजारात मानूस पक्का झाला तुया. दुपारी नमाजले गेलो, इकडं आलो, पाह्यलंच नाई. संध्याकाळपासून लोकायचे फोन येऊन राहिले. मी म्हनलं, गोपालनं लेयला म्हनजे कानानं ऐकला असन. सूर्यभान चुकला का?"

तेवढी एक वाट होती. सूर्यभान चुकला म्हणायचं, चहा प्यायचा, जेवायचं आणि शेवटची एसटी पकडायची. गोपालनं तोंड उघडलं. आणि टेबलावरचा फोन वाजला. अरीबनं उचलला. पलीकडच्या माणसाचा आवाज इतका चढलेला होता की गोपालला तिकडचे शब्द ऐकू येत होते: गाडी भरून अमरावतीले नेली, तुमच्या भरोशावर नेली, बायकोनं नेऊ नका म्हनलं होतं. शिवीही आली. अरीबनं डोळे मिटले. "हो काका," तो म्हणाला. "बरोबर आहे तुमचं. नाई नाई, दुसऱ्या कोनाचा दोष नाई. चूक मायीच झाली. मीच पाह्यलं नाई. मले बोला तुमी."

गोपाल मनातल्या मनात मोजू लागला. फोटो ह्याचा. मामीच्या हातची पहिली मूठ ह्याची. सीमाची 'अवं माय' ह्याची. आणि आता चूकही? जी गोपालनं केली, एकट्यानं केली, सकाळी शाल पांघरून आपल्या बोटांनी केली, तीसुद्धा हा आपल्या नावावर घेऊन चालला होता, आणि घेताना आणखी मोठा होत होता. ते पाहून समोरचा माणूसही जरा नरमला होता. म्हणत होता, तुमी कबूल तरी केलं भाऊ. ह्याच्यावर मात्र गोपालला राहवलं नाही. "दे बे इकडे," तो म्हणाला आणि त्यानं अरीबच्या हातातून फोन ओढून घेतला. अरीब बघतच राहिला.

"हॅलो. अरीबचा काई दोष नाई," गोपाल म्हणाला. त्याचा आवाज मोठा होता, आत स्वयंपाकात गेलेल्या गजालाला ऐकू जाण्याएवढा. "मी गोपाल बोलून राहिलो. अमरावतीचा. वऱ्हाड बाजारवाला. तो भाव माया आहे. कोनी सांगितला नव्हता, मी मनानंच लेयला."

पलीकडचा माणूस म्हणाला, "कोन गोपाल बाप्पा? मले अरीबभाऊले दे."

गोपालनं फोन दिला नाही. त्यानं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.